विंडोज ९८ वर जागा कुठे गेली, ते चित्रात पाहा

अकोला-अमरावतीकडच्या खेड्यात लग्नपत्रिका, बॅनर करणाऱ्या दुकानात विंडोज ९८ चा जुना कॉम्प्युटर चालू असेल, तर हार्ड डिस्क भरली म्हणून अंदाजाने फाइली उडवू नका. डिस्कवरची जागा चित्रात दाखवणाऱ्या विनडरस्टॅट (WinDirStat) या प्रोग्रॅमची १.१.२ ही जुनी आवृत्ती सीडीवर आणा, कारण पेन ड्राइव्हला ९८ वर वेगळा ड्रायव्हर लागतो. स्कॅन झालं की प्रत्येक फाइलचा चौकोन दिसतो: फाइल जेवढी मोठी, तेवढा चौकोन मोठा, आणि रंग फाइलच्या प्रकारानुसार. ही पद्धत बेन श्नायडरमन यांनी १९९० मध्ये ८० एमबीच्या भरलेल्या डिस्कसाठीच शोधली.

लोडशेडिंगच्या गावात सी ड्राइव्ह उघडल्यावर बाहेरच, कुठल्याही फोल्डरमध्ये नसलेल्या FILE0000.CHK सारख्या फाइली हमखास सापडतात. लाइट अचानक गेल्यावर स्कॅनडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम फाइलींचे तुटलेले तुकडे तिथं जमा करतो. नोटपॅडमध्ये उघडून बघा, कामाचा मजकूर नसेल तर खुशाल काढा. विंडोज फोल्डरमधल्या टेम्प (Temp) या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरकडेही नजर टाका.

एक मात्र चित्रात कळत नाही. फॅट१६ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या दोन जीबी ड्राइव्हवर एका ओळीची फाइलसुद्धा ३२ केबी अडवते. म्हणून बारीक फाइलींच्या फोल्डरचे प्रॉपर्टीज उघडून प्रत्यक्ष वापरलेले बाइट्स तपासा.