मक्याची कणसे उकडणे आणि उरलेली गोठवून ठेवणे

स्वीट कॉर्नची सहा-आठ कणसे एकदम आणून उकडली जातात, त्यातील चार-पाच खाल्ली जातात आणि उरलेली तिसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये सुरकुतलेल्या अवस्थेत सापडतात. हे टाळायचे असेल, तर किती कणसे आज खायची आणि किती गोठवायची, हे पातेले गॅसवर चढवतानाच ठरवावे. कारण गोठवलेला मका पुढे पुन्हा आचेवर जाणार असतो आणि त्याला पहिल्या वेळी पुरता शिजवून ठेवण्यात काही लाभ नसतो.

कणीस घेताना वरची पाने हिरवी व ओलसर आहेत हे पाहावे आणि विक्रेत्याची हरकत नसेल तर एक दाणा नखाने दाबावा: दुधासारखा रस आला तर कणीस कोवळे, काहीच आले नाही तर ते जून झालेले. तोडणीनंतर दाण्यांतील साखरेचे पिष्टात रूपांतर होऊ लागते आणि उष्णतेत ते वेगाने होते, म्हणून त्याच दिवशी उकडणे उत्तम. ते जमणार नसेल तर पाने न सोलता कणसे फ्रिजमध्ये ठेवावीत. देशी पांढरा मका मात्र निखाऱ्यावर भाजण्यासाठीच राखावा, असे माझे मत आहे.

पाने आणि केस काढून कणसे उकळत्या पाण्यात सोडावीत. लगेच खायची असलेली पाच-सहा मिनिटांत तयार होतात. कुकर लावता येतो, पण शिट्टीच्या हिशेबात एखादे मिनिट जास्त झाले की दाण्यांचा करकरीतपणा जातो. ज्यांचे दाणे गोठवायचे आहेत, ती कणसे चार मिनिटांनी चिमट्याने काढून बर्फाच्या पाण्यात बुडवावीत आणि आतील दांडा गार होईपर्यंत तेथेच ठेवावीत, कारण दांडा गरम राहिला तर दाणे आतून शिजतच राहतात. जेवणानंतर उरलेल्या, पूर्ण उकडलेल्या कणसांना पुन्हा उकळी देण्याची गरज नाही. ती दोन तासांच्या आत गार करून गोठवावीत, मात्र मीठ-लिंबू चोळलेली किंवा उष्टी त्यांत मिसळू नयेत.

दाणे काढण्याची एक पद्धत मला सुरीने सरसकट कापण्यापेक्षा बरी वाटते. कणीस मधोमध तोडून सपाट बाजूवर उभे करावे, सुरीच्या टोकाने दाण्यांची एकच उभी ओळ काढावी आणि मग शेजारची ओळ अंगठ्याने त्या मोकळ्या जागेकडे ढकलावी. दाणा बुडासकट अखंड सुटतो. वेळ जास्त लागतो हे खरे. घाई असेल तर सुरी चालवावी, पण पाते खोल जाऊ देऊ नये, नाहीतर दांड्याचा चिवट भाग दाण्यांबरोबर येतो.

सुटलेले दाणे सुती कापडावर पूर्ण कोरडे करून ताटात एकाच थरात पसरावेत व तासा-दोन तासांसाठी फ्रीझरमध्ये ठेवावेत. ते सुटे सुटे कडक झाले की एका वेळच्या वापराइतके पिशव्यांत भरून, हवा दाबून काढून, तारीख लिहून ठेवावी. उणे १८ अंशांवर ते आठ-दहा महिने चांगले राहतात. एकाच दाराच्या फ्रिजमधील लहान बर्फाच्या कप्प्यावर मात्र महिन्याभरापेक्षा अधिक भिस्त ठेवू नये. अख्खी कणसेही गोठवता येतात, पण त्यांना जाडीप्रमाणे ७ ते ११ मिनिटे उकळावे लागते आणि ती जागाही फार अडवतात. वीज बराच वेळ गेल्याने दाणे पूर्ण वितळून कोमट झाले असतील, तर ते टाकून द्यावेत.

वापरताना दाणे बाहेर काढून वितळवत बसू नये; उपम्यात, उसळीत किंवा फोडणीवर ते थेट टाकून तीन-चार मिनिटे परतले की पुरे. पॅटीससाठी हवे असल्यास ते आधी कढईत कोरडे परतून पाणी आटवावे. दाणे काढून उरलेले दांडे मात्र त्याच दिवशी अर्धा तास पाण्यात उकळावेत. ते गोडसर पाणी गाळून सूपला वापरता येते.