स्नोमोबाईल घ्यायचीय? आधी ट्रॅक बघा, मग इंजिन. आणि जुन्या रेसिंग स्लेडचं काय ते शेवटी सांगतो

मिनेसोटात थंडी पडायला लागली की ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतोच, स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी गाडी, इथे तिला स्लेडही म्हणतात) घ्यायचीय, सहाशे सीसीची घेऊ का साडेआठशेची? प्रत्येकाला मी एकच उलटा प्रश्न विचारतो, चालवणार कुठे? बरेच जण गप्प होतात कारण त्यांनी तेवढा विचारच केलेला नसतो. आपल्यातल्या बहुतेकांनी ही गाडी पहिल्यांदा गुलमर्गला बघितलेली असते, तिथे तिला स्नो स्कूटर म्हणतात, चालवणाऱ्याच्या मागे बसून एक चक्कर मारायची आणि फोटो काढायचा. ती मजा वेगळी. स्वतःची घ्यायची तर बारा ते वीस हजार डॉलरचा मामला आहे, आणि चुकीची घेतली की दोन सीझनमध्ये गॅरेजमध्ये पडून राहते, असं मी तीन घरी बघितलंय.

तर कुठे चालवणार. एकट्या मिनेसोटात २२,००० मैलांच्या आसपास ट्रेल, म्हणजे या गाड्यांसाठीच्या बर्फातल्या वाटा, आहेत आणि त्या सांभाळतात बहुतेक करून क्लबवाले, म्हणजे दिवसा नोकरी करून रात्री ग्रूमर घेऊन बर्फ सपाट करणारी माणसं. (क्लबचं सदस्यत्व घ्या बाबांनो, वर्षाची फी फार नसते आणि त्यांच्याशिवाय ही ट्रेल उरणार नाही.) अशा दाबून सपाट केलेल्या रस्त्यावर तुम्हाला १२९ किंवा १३७ इंचाचा ट्रॅक (गाडीखाली फिरणारा रबरी पट्टा) पुरतो आणि ट्रॅकवरचे रबरी दात, त्यांना लग म्हणतात, ते सव्वा इंचाचे बास. वायोमिंग, मोंटाना किंवा कोलोरॅडोच्या डोंगरात कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात जायचं असेल तर १५४ किंवा १६५ इंच आणि लग अडीच-तीन इंच. कारण साधं आहे, ट्रॅक लांब असला की वजन पसरतं आणि गाडी बर्फावर तरंगते, आखूड असला की जागच्या जागी खड्डा खणून बसते. पण तीच लांब गाडी ट्रेलवर आणली की वळणावर सरळच जायला बघते.

लोक इथेच चुकतात. डोंगरी गाडी दिसायला जबरदस्त असते, शोरूममध्ये तीच समोर उभी असते, आणि विकत घेऊन माणूस चालवतो कुठे तर घराजवळच्या तळ्यावर आणि कडक ट्रेलवर. आता बघा काय होतं. या गाड्यांचं इंजिन थंड करायला पुढे रेडिएटर असतोच असं नाही, ट्रॅकच्या वरच्या पत्र्याखाली, ज्याला टनेल म्हणतात, तिथे पातळ कूलर बसवलेले असतात आणि ट्रॅक जो बर्फ वर उडवतो तो त्यांच्यावर आदळून पाणी थंड होतं. कडक बर्फावर किंवा नुसत्या आईसवर काही उडतच नाही, मग टेंपरेचरचा दिवा लागतो, आणि खाली ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर ट्रॅक घसरतो त्या हायफॅक्सला पण बर्फाचंच वंगण लागतं, ते नाही मिळालं की त्या वितळायला लागतात. म्हणून ट्रेलवाल्यांनी आईस स्क्रॅचर लावून घ्यायचे, त्या स्प्रिंगसारख्या दोन दांड्या मागे बर्फ खरवडत राहतात आणि तेवढा बर्फ पुरतो. स्वस्त वस्तू आहे आणि इंजिन वाचवते.

आता इंजिन. ट्रेलवर चालवणाऱ्या नवीन माणसाला ६०० सीसीची टू-स्ट्रोक खूप झाली, मी तर म्हणेन जास्तच झाली, मिनेसोटात सार्वजनिक जागेवर वेगमर्यादा ताशी ५० मैल आहे आणि ६०० तिथे पोचायला काही वेळ लावत नाही. स्की-डूची रोटॅक्स ६००आर ई-टेक किंवा पोलारिसची ६५० पॅट्रियट या दोन्ही चांगल्या. ८५० चा खरा उपयोग डोंगरात, कारण दर हजार फुटांना साध्या इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी कमी होते, म्हणजे दहा हजार फुटांवर तुमची ८५० सुद्धा दमलेली असते, म्हणूनच तिकडे टर्बो आले. फोर-स्ट्रोक, म्हणजे स्की-डूची ९०० एस वगैरे, शांत चालते, तेल जाळत नाही, पेट्रोल कमी पिते, लांब पल्ल्याला आणि मागे बायको किंवा मुलगा बसणार असेल तर मस्त. पण नाकाला, म्हणजे पुढच्या बाजूला, जड असते. हे जडपण शोरूममध्ये कळत नाही, गाडी खड्ड्यात रुतली आणि तुम्ही दोघंच असाल तेव्हा कळतं.

बसून बघा. नुसतं बसून नाही, जाडे बूट आणि ग्लोव्ह घालून, मग उभं राहून. ग्लोव्ह घालून अंगठा थ्रॉटलपर्यंत नीट पोचतो का, गुडघा पॅनेलला लागतो का, उंच माणसाला उभं राहिल्यावर हँडल फार खाली जातं का. आणि रिव्हर्स कसा पडतो ते विचारा, आजच्या बऱ्याच टू-स्ट्रोकमध्ये रिव्हर्सचा गिअरच नसतो, बटण दाबलं की कॉम्प्युटर इंजिन जवळजवळ बंद पाडतो आणि उलट्या दिशेने फिरवतो! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता.

कंपनी कुठली हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवलाय. माझं मत असं की तासाभरात पोचता येईल असा चांगला डीलर ज्या कंपनीचा असेल ती कंपनी घ्या. यामाहाने २०२३ मध्ये जाहीर केलं की स्नोमोबाईलचा धंदा बंद करतोय, अमेरिकेत २०२५ चं मॉडेल शेवटचं. आर्क्टिक कॅटचंही २०२४ च्या शेवटी उत्पादन थांबवायचं जाहीर झालं आणि पुढच्या वर्षी मालक बदलले. दोघांच्या गाड्या उत्तम आहेत, पण पाच वर्षांनी पार्ट हवा असेल तेव्हा डीलर जागेवर असायला हवा. नवीन मॉडेल हवं तसं बनवून घ्यायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये ऑर्डर द्यावी लागते, आणि पैसे वाचवायचे असतील तर त्याच महिन्यांत डीलरकडे त्या वर्षीच्या न विकल्या गेलेल्या गाड्या उभ्या असतात, तिथे भाव करा. बजेटमध्ये ट्रेलर, हेल्मेट, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, एक जादा ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणारा पट्टा) धरा. बेल्ट गाडीतच ठेवायचा, तो तुटतो तेव्हा तुम्ही घरापासून वीस मैलांवर असता.

आणि १९७६ नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, कोर्स करून घ्या. तळ्यावर जायचं असेल तर निदान पाच ते सात इंच जाड, स्वच्छ, नवा आईस पाहिजे, पांढरा धुरकट आईस असेल तर त्याहून बराच जास्त. स्वतः भोक पाडून मोजायचं, कालच कोणीतरी गेलं होतं हा काही पुरावा नाही. डोंगरात जाणार असाल तर हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायला बीकन (सिग्नल देणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) तिन्ही, आणि ते वापरायचं शिक्षण.

आता माझ्या आवडीचा विषय. विस्कॉन्सिनमध्ये ईगल रिव्हर म्हणून गाव आहे, तिथे १९६४ पासून स्नोमोबाईलची वर्ल्ड चॅम्पियनशिप होते, अर्ध्या मैलाचा ओव्हल, म्हणजे लंबगोल रस्ता, पाणी मारून मारून आईस केलेला. त्याच्या आधीच्या वीकेंडला जुन्या गाड्यांच्या रेस असतात. मित्राबरोबर सहज गेलो होतो, कुंपणाला टेकून उभा होतो आणि सत्तरच्या दशकातल्या बारा-पंधरा स्लेड एकदम सुटल्या, आणि तो वास आला. टू-स्ट्रोक तेलाचा. ज्याने शाळेत जाताना बजाजच्या मागे धूर खाल्लाय, ज्याच्या काकाकडे आरएक्स १०० होती आणि पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑईल टाकायला जो सोबत जायचा त्याला हा वास सांगावा लागत नाही. उणे वीसमध्ये, सातासमुद्रापार, मला एकदम सांगलीतलं आमचं गॅरेज आठवलं. तिथून जे वेड लागलं ते अजून आहे.

या गाड्यांमागची गोष्ट पण तेवढीच भारी आहे. क्यूबेकमधल्या वॅलकोर्टच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी १९५९ मध्ये स्की-डू आणली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत शंभराहून जास्त कंपन्या या धंद्यात उतरल्या, नांगर बनवणाऱ्या, बोटीची इंजिनं बनवणाऱ्या, जॉन डियरसुद्धा. १९७१ च्या सुमाराला वर्षाला जवळजवळ पाच लाख गाड्या खपत होत्या. मग तेलसंकट, कमी बर्फाचे हिवाळे, आणि ऐंशीच्या दशकात उरल्या चार. मधल्या त्या दहा-बारा वर्षांत रेस जिंकणं हीच जाहिरात होती, म्हणून प्रत्येक कंपनीने वेडावल्यासारख्या रेस स्लेड बनवल्या. फेरारीचा फॉर्म्युला वनवाला जिल विलनव्ह माहितीय ना? तो आधी स्नोमोबाईल रेसर होता, १९७४ मध्ये ईगल रिव्हरला जिंकला. पुढच्या गाडीने उडवलेल्या बर्फात काही दिसत नसताना वेग न सोडायची सवय त्याला इथेच लागली, पावसातलं त्याचं ड्रायव्हिंग बघितलं की पटतं. त्याचा भाऊ जॅक १९८०, १९८२ आणि १९८६ असा तीनदा जिंकला. आणि तुमच्या नव्या गाडीच्या पुढच्या दोन्ही स्की खड्ड्यावर वेगवेगळ्या वरखाली होतात ना, ते स्वतंत्र सस्पेन्शन पोलारिसने सत्तरच्या शेवटी रेस ट्रॅकवर तावून सुलाखून घेतलं आणि १९८० मध्ये टीएक्स-एल इंडीतून साध्या गिऱ्हाइकाला दिलं. त्याआधी मोटारीच्या पाट्यांसारख्या लीफ स्प्रिंग असायच्या.

घ्यायची असेल तर कुठली? मर्क्युरीची स्नो-ट्विस्टर, रप नायट्रो, आर्क्टिक कॅटची किंग कॅट ही नावं ऐकून सगळे हळवे होतात, पण पहिलीच जुनी गाडी म्हणून ती घेऊ नका, महाग असतात आणि पार्टसाठी वणवण होते. यामाहा एसआरएक्स, जॉन डियर लिक्विफायर, कावासाकी इनव्हेडर, पोलारिस टीएक्स, यांच्यापैकी काही बघा. रेसचं रक्त आहे, माणसं अजून चालवतात, त्यामुळे माहिती आणि पार्ट दोन्ही मिळतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला मिनेसोटात नॉर्थ ब्रँचजवळ ‘हे डेज’ (Hay Days) नावाची स्नोमोबाईलवाल्यांची जत्रा भरते, तिथे गवतावर ड्रॅग रेस आणि शेतभर जुन्या पार्टचा बाजार, सकाळी लवकर जा आणि रोख पैसे न्या. विकणारा खरी रेस स्लेड म्हणून भाव सांगत असेल तर हूड आणि स्टिकरवर जाऊ नका, ते कोणीही लावतं. टनेलवरचा सिरीयल नंबर आणि इंजिन नंबर बघा, आणि त्या मॉडेलच्या एखाद्या जुन्या जाणत्याला फोटो दाखवूनच पैसे द्या.

मी काय चुकलो ते सांगतो. पहिली जुनी स्लेड घेतली तेव्हा विकणारा म्हणाला चालू होती तशी उभी केलीय, मी दोरी ओढली, तिसऱ्या ओढीला सुरू झाली, खूश होऊन घरी आणली. पहिल्याच रविवारी तळ्यावर फुल थ्रॉटल दिला आणि अर्ध्या मिनिटात पिस्टनला भोक. कारण क्रँकच्या टोकाचे सील चाळीस वर्षांत दगड झालेले होते, तिथून हवा आत येत होती, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, म्हणजे तेलही कमी, आणि टू-स्ट्रोकला वंगण मिळतं ते पेट्रोलमधूनच. त्यात थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल अजून जास्त लागतं. म्हणून आता नियम केलाय, जुनी गाडी आली की आधी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं, दोघांत दहा टक्क्यांपेक्षा फरक नको, मग हवा भरून प्रेशर टेस्ट, सील बदलायचेच, कार्ब्युरेटर उघडून साफ, पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या कारण इथेनॉलने जुनं रबर फुगतं आणि तडकतं. क्लच उघडून भेगा बघायच्या, तो हजारो आरपीएमला पायांशेजारी फिरत असतो, त्याचं झाकण काढून गाडी कधीच चालवायची नाही. जुन्या गाडीला टेदर नसेल, म्हणजे आपण पडलो की इंजिन बंद करणारी दोरी, तर ती पहिल्या दिवशी लावायची. थ्रॉटल केबल गोठून उघडी राहिली तर तीच वाचवते.

पहिल्यांदा सुरू करताना मागचा भाग स्टँडवर उचला, मागे कोणालाही उभं राहू देऊ नका, ट्रॅकमध्ये अडकलेला दगड किंवा सुटलेला स्टड (ट्रॅकला लावलेला धातूचा खिळा) गोळीसारखा येतो. पेट्रोल आणि तेलाचं प्रमाण त्या मॉडेलच्या पुस्तकात बघून मिसळा, कुठे वीसास एक असतं, कुठे चाळीसास एक, अंदाजाने टाकू नका. कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक असलेला स्क्रू) थंडीसाठी एक नंबर मोठा टाका. पाच मिनिटं गरम होऊ द्या, बंद करा, स्पार्क प्लग काढून बघा. पांढराफटक असेल तर अजून पेट्रोल हवंय, तळ्यावर जायची घाई करू नका. चहाच्या रंगाचा आला की मग दार उघडा.