न पाहता जुनी गाडी घेताय? या चुका टाळा

आम्ही कुडाळला राहतो. २०२४ मध्ये पुण्यातली एक आल्टो नुसते फोटो आणि एक व्हिडिओ कॉल यावर घेतली. २०१० चं मॉडेल, ९० हजार रुपये. गाडी बघायला पुण्याला जाऊन यायचे दोन दिवस वाचवले आणि पुढचे चार महिने गॅरेजच्या वाऱ्या केल्या. लाखाच्या आतली गाडी लांबून घेणं वेडेपणाच आहे असं मी तरीही म्हणणार नाही. आमच्या चुका मात्र साध्या होत्या आणि टाळता आल्या असत्या.

पहिली चूक, व्हिडिओ विकणाऱ्याच्या मर्जीने काढू दिला. दुपारी कॉल आला तेव्हा गाडी नुकतीच फिरवून आणलेली, इंजिन गरम. गरम इंजिन पटकन चालू होतं, टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाचा) टकटक आवाज दबतो, पहिल्या स्टार्टला येणारा निळा धूर केव्हाच निघून गेलेला असतो. म्हणून कॉल सकाळी सातचा ठेवा आणि किल्ली फिरवण्याआधी बॉनेट उघडायला सांगा. ऑइलचं झाकण काढून आतली बाजू दाखवायला सांगा. तिथे दुधाळ कॉफीसारखा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असावं, म्हणजे हेड गॅस्केटची (इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलची) शंका. मग किल्ली फक्त ‘ऑन’ करायला लावा. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही तर खूश होऊ नका, बल्ब काढून ठेवलेला असू शकतो. शेवटी सायलेन्सर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) जळतंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं आणि फसफस धूर वर आला तर मेकॅनिक त्याला ‘बॅक मारते’ म्हणतात, आणि पुढचा शब्द ‘इंजिन काम’ असतो, म्हणजे इंजिन खोलून मोठी दुरुस्ती.

‘नॉन-ॲक्सिडेंट, डॉक्टरांनी वापरलेली’ हे जाहिरातीत सगळेच लिहितात. (एवढे डॉक्टर गाड्या विकत असतील तर दवाखाने कोण चालवतं?) दरवाज्याचं रबरी बीडिंग ओढून पिलरच्या कडेचे कंपनीचे गोल वेल्डिंग ठिपके दाखवायला सांगा, ते गायब असतील तर अपघातानंतरच्या कामाची शंका घ्या. बॉनेटच्या बिजागरीच्या नटांवरचा रंग तुटला असेल तर पाना लागलेला आहे.

पुराचं पाणी यापेक्षा वाईट. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या, त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवायला सांगा, धुऊनही आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटच्या पट्ट्यांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती, हेडलाइटच्या आतलं धुकंही बघा. कुबट वास मोबाइलमधून येत नाही, त्यासाठी तिथे माणूसच लागतो.

तो माणूस न पाठवणं ही आमची सगळ्यात महागडी कंजुषी. त्या गावात ओळखीचा कोणी असेल तर त्याच्याकडून स्थानिक मेकॅनिक शोधा. विकणाऱ्याने सुचवलेला नको. तासाभराचे पाचशे-हजार रुपये द्या आणि गाडी उचलून खालून बघायला सांगा. ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, वेळ नाही’ असं उत्तर आलं तर गाडी त्या गिऱ्हाइकालाच जाऊ द्या.

कागदांच्या बाबतीत आमचा अंदाज पुरता चुकला. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. आमच्या आल्टोची जेमतेम वर्षभर उरली होती, आणि स्वस्ताईचं निम्मं कारण तेच. १५ वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, २० वर्षांवरच्या कारला २०२५ पासून १०,०००. वर पर्यावरण कर, आणि पासिंगला गाडी उभी करण्याआधीची दुरुस्ती. एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाकला असता तर ही मुदत मिनिटात दिसली असती. तिथेच विमा आणि फायनान्स कंपनीचं नाव दिसतं. नाव असेल तर कर्ज फिटल्याचं तोंडी ऐकून घेऊ नका. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि कर्ज संपल्याचा फॉर्म ३५ हातात हवा, नाहीतर एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, तुम्हाला उतरवत बसावी लागेल. ई-चलनं वेगळी तपासा. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलेलं आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली आहे का, ते विचारा.

दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त का, हा प्रश्न नेहमी येतो. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार वर्षानुवर्षं राहिली, म्हणून त्या बाहेर विकल्या जातात. पण परराज्यातली गाडी घेतली की तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथला रोड टॅक्स पुन्हा आणि एमएच पासिंग, हे सगळं किमतीत धरा.

पैसे देताना टोकन छोटं ठेवा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही, मूळ आरसी आणि किल्ल्या हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम सोडू नका. ‘मी फौजी, बदली झाली, गाडी कॅम्पात आहे, गेटपासचे पैसे टाका’ हा जुना सापळा आहे. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

गाडी दारात आल्यावरही काम संपत नाही. आमची खंबाटकी घाटातच तापली, काटा लालकडे गेला. तेव्हा बाजूला घ्या, बंद करा आणि गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका. आमचा रेडिएटर आतून गंजाने भरलेला, कारण वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतलेलं. जुन्या ८०० सीसी आल्टोला टायमिंग बेल्ट (इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) असतो. बदलल्याचं बिल नसेल तर पहिल्याच आठवड्यात बदला. पेट्रोलचा वास आला तर रबरी पाइप तपासा, २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून ते बनलेले नव्हते. टायर नक्षीवरून जोखू नका. बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असलेलं आमचं स्टेपनीचं टायर चक्क २०११ चं निघालं.

विमा नावावर करायला १४ दिवस असतात. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) गाडीबरोबर येत नाही, तो आधीच्या मालकाचा असतो. म्हणून प्रीमियमचा आकडा त्याच्या पॉलिसीवरून धरू नका, नवं कोटेशन घ्या.