प्रॅक्टिकलमध्ये रंग का येत नाही? पेशी आणि जैवरेणूंच्या प्रयोगांतल्या या चुका टाळा

साखरेच्या पाण्यात बेनेडिक्टचे द्रावण (ग्लुकोजसारखी क्षपण करणारी शर्करा ओळखणारे निळे द्रावण) घातले, पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवले, तरी परीक्षानळी निळीच्या निळी. मग शेजारच्याच्या जर्नलमध्ये डोकावून 'विटकरी अवक्षेप आला' असे लिहून मोकळे होणारे पुष्कळ. नळीने मात्र बरोबरच उत्तर दिलेले असते. घरातली साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ज्या टोकांनी क्षपण करतात, नेमक्या त्याच टोकांनी ते सुक्रोजमध्ये एकमेकांना जोडलेले असतात. बेनेडिक्टमधल्या तांब्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन द्यायला (क्षपण म्हणजे हेच) मोकळे टोकच उरत नाही, मग रंग कुठून येणार?

हेच गुळाच्या पाण्यावर करून पाहा, रंग येईल. उसाचा रस आटवताना सुक्रोजचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे होतात. फक्त गुळाचा स्वतःचा तपकिरी रंग आड येतो, म्हणून द्रावण फिके पिवळे दिसेपर्यंत पातळ करून घ्यावे.

सुक्रोज ओळखायचे तर ते आधी फोडावे लागते, आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. २ मिली साखरेच्या द्रावणात १ मिली विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवायचे, गार करायचे, आणि मग चिमूट चिमूट खायचा सोडा घालायचा, फसफसणे पूर्ण थांबेपर्यंत. ही शेवटची पायरी वगळली की रंग येत नाही. बेनेडिक्टची अभिक्रिया अल्कधर्मी माध्यमातच होते, त्यासाठीच त्या द्रावणात सोडियम कार्बोनेट असते. उरलेले आम्ल ते कार्बोनेट खाऊन टाकते. लिंबाचा रस किंवा आंबट फळाचा अर्क तपासतानाही आधी सोडा घालून आंबटपणा मारावा.

प्रमाण साधे आहे: ५ मिली बेनेडिक्टला नमुन्याचे ८ थेंब. शर्करा फार आणि द्रावण थोडे झाले, तर प्रत्येक नळी विटकरी होते आणि तुलना करायला काही उरत नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी हा रंगांचा क्रम शर्करेच्या वाढत्या प्रमाणाचा आहे. हिरवा रंग म्हणजे थोडा पिवळा अवक्षेप आणि भोवती न वापरले गेलेले निळे द्रावण. हिरव्याला 'शर्करा नाही' म्हणू नये. नळी थेट बर्नरवर धरू नका. द्रावण एकदम उसळून बाहेर येते, आणि अंगावर पडणारे ते उकळते अल्कली असते.

याच शर्करांसाठीची फेहलिंगची चाचणी करत असाल तर अ आणि ब ही द्रावणे आयत्या वेळी समप्रमाणात मिसळावीत. मिसळून ठेवलेले द्रावण टिकत नाही.

आयोडीन: गरम नमुन्याचा घोटाळा

बटाटा उकडला, त्याचे पाणी गरम असतानाच आयोडीन घातले, निळा रंग आला नाही. निष्कर्ष काय काढला जातो? 'उकळल्यावर स्टार्च नष्ट होतो.' हा निष्कर्ष चुकीचा आहे. स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते, आयोडीन त्या वळणांच्या आत जाऊन बसते आणि त्यातूनच निळा-काळा रंग दिसतो. तापवल्यावर वळणे सैलावतात, आयोडीन बाहेर पडते, रंग जातो. नळी नळाखाली धरून गार केली की रंग परत येतो. हे मुद्दाम करून दाखवण्यासारखे आहे, कारण एकाच नळीत रासायनिक बदल आणि भौतिक परिस्थिती यांतला फरक डोळ्यांना दिसतो. दुधातली स्टार्चची भेसळ तपासतानाही दूध उकळून गार करायचे आणि मगच आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे.

अल्कधर्मी नमुन्यातही रंग येत नाही, कारण तिथे आयोडीनचे रूपांतर रंग न देणाऱ्या क्षारांत होते. म्हणून प्रथिनांची, अल्कली घालून केलेली बाययुरेट चाचणी झालेल्या नळीतच आयोडीन टाकण्याची काटकसर करू नये. रंग निळ्याऐवजी लालसर-जांभळा आला तरी गोंधळू नका. अमायलोपेक्टिनची साखळी फाटे फुटलेली असते, त्यामुळे त्याचा रंग तसा येतो. ग्लायकोजेनचा लालसर तपकिरी येतो.

द्रावण स्वतः करायचे असेल तर क्रम महत्त्वाचा. आयोडीन नुसत्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात आधी विरघळवावे, त्यात १ ग्रॅम आयोडीन घालून ढवळावे, मग पाणी घालून ३०० मिली करावे. तपकिरी बाटलीत, उजेडापासून दूर.

बाययुरेट

इथे एकच चूक नव्वद टक्के घोळ करते म्हणायला हरकत नाही: मोरचूद (कॉपर सल्फेट) जास्त पडणे. २ मिली नमुना, २ मिली १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, नीट हलवून मग १ टक्का कॉपर सल्फेटचे दोन ते पाच थेंब. ड्रॉपर दाबून धारच सोडली तर कॉपर हायड्रॉक्साइडचा निळा गाळ होतो आणि प्रथिनांचा फिका जांभळा रंग त्याखाली झाकला जातो. तापवायची गरज नाही, काही मिनिटे थांबायची आहे.

ही चाचणी पेप्टाइड बंध (प्रथिनातली अमिनो आम्ले जोडणारे बंध) ओळखते, तेही एका रेणूत निदान दोन असतील तर. म्हणून ग्लायसीनसारख्या सुट्या अमिनो आम्लाला जांभळा रंग येत नाही. अंड्याचा पांढरा बलक नुसत्या पाण्यात मिसळला की गढूळ होतो, कारण त्यातली काही प्रथिने क्षार विरळ झाल्यावर विरघळलेली राहत नाहीत. चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात तो मिसळावा, साधारण एकास दहा, आणि गाळून घ्यावा. नमुन्यात अमोनियमचे क्षार असतील तर गडद निळा रंग येतो. तो जांभळा समजून टिक मारू नये.

सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब डोळ्यात गेला तर लगेच आणि भरपूर पाण्याने, निदान पंधरा मिनिटे डोळा धुवायचा आणि डॉक्टरांकडे जायचे. चष्मा घालूनच हे काम करावे.

वरच्या तिन्ही चाचण्यांसोबत दोन नळ्या जास्तीच्या ठेवा: एकीत नुसते पाणी, दुसरीत खात्रीने तो घटक असलेला पदार्थ. वेळ जातो म्हणून ह्या नळ्या सर्रास गाळल्या जातात. पण ग्लुकोजच्या नळीतही रंग आला नाही, तर दोष नमुन्यात नाही, बाटलीतल्या द्रावणात आहे, हे दोन मिनिटांत कळते. कोल्ड स्टोरेजमधल्या बटाट्याने बेनेडिक्टला रंग दिला तर मात्र बाटलीवर संशय घेऊ नका. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची शर्करा होते, म्हणून तसा बटाटा दोन्ही चाचण्यांत उतरतो.

कांद्याचा पापुद्रा आणि गालातील पेशी

पापुद्रा मांसल पाकळीच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूचा घ्यावा. तो सहज आणि एका थराचा निघतो. पाच मिलिमीटरचा चौकोन पुरे. तो लगेच पाण्यात टाका, हवेत ठेवला की गुंडाळी होते आणि घडी पडलेल्या जागी दोन थर एकावर एक दिसतात. सॅफ्रॅनिन या लाल रंगद्रव्यात अर्धा ते एक मिनिट, मग जास्तीचा रंग धुवायचा. सगळेच लालभडक दिसत असेल तर धुणे कमी पडले आहे.

ग्लिसरीनबाबत एक इशारा. पापुद्रा सुकू नये म्हणून ते घालतात, पण दाट ग्लिसरीन जिवंत पेशीतले पाणी ओढून घेते आणि प्रद्रव्य (पेशीतला जिवंत भाग) भित्तिकेपासून सुटते. पेशीची रचना पाहायची असेल तर पाण्यातच स्लाइड करावी किंवा ग्लिसरीन निम्मे पाणी घालून वापरावे.

कव्हरस्लिप एका कडेने ४५ अंशांत टेकवून सुईच्या आधाराने हळू खाली सोडावी. वरून टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. गोल, जाड काळ्या कडेचे आणि आत स्वच्छ असे काही दिसले तर तो बुडबुडा आहे, केंद्रक नव्हे. काही पेशींत केंद्रक दिसत नाही, कारण मोठी रिक्तिका (रसाने भरलेली पोकळी) त्याला कडेला ढकलते आणि ते त्या क्षणी नाभीय प्रतलात, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या पातळीत, नसते. सूक्ष्म समायोजक किंचित फिरवला की सापडते. हरितलवके मात्र शोधत बसू नका, जमिनीखालच्या त्या पाकळीत ती नसतात. 'वनस्पती पेशी' म्हणून पाठ केलेली आकृती जर्नलमध्ये उतरवणाऱ्यांची हिरवी लवके परीक्षकाला लगेच दिसतात.

गालातील पेशींसाठी आधी चूळ भरावी, टूथपिकच्या बोथट बाजूने हलके घासावे, ०.९ टक्के मिठाच्या पाण्याच्या थेंबात पसरून मेथिलिन ब्लू घालावे. दोन-तीन मिनिटे थांबल्यावर केंद्रक गडद निळे उठते. पेशीवर दिसणारे बारीक निळे ठिपके बहुधा तोंडातले जिवाणू असतात. त्यांना तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) म्हणून नाव देऊ नये; तंतुकणिका दाखवायला जेनस ग्रीन बी हे रंगद्रव्य लागते. वापरलेली टूथपिक दुसऱ्याने हाताळू नये, ब्लीचच्या द्रावणात टाकावी.

सूक्ष्मदर्शकात सुरुवात नेहमी १०× वस्तुभिंगाने. ४०× वर गेल्यावर स्थूल समायोजकाला हात लावला की कव्हरस्लिप तडकते आणि भिंगावर ओरखडा येतो. पेशी फिकट दिसत असेल तर दिवा वाढवण्याऐवजी डायफ्रॅम थोडा मिटावा.

मापनातली चूक तर जवळजवळ प्रत्येक जर्नलमध्ये सापडते. नेत्रिकेवर (डोळ्याजवळच्या भिंगावर) १०×/१८ असे लिहिले असेल, म्हणजे दृश्यक्षेत्राचा आकडा १८ मिमी असेल, तर १०× वस्तुभिंगाखाली दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १८ ÷ १० म्हणजे १.८ मिमी. त्यात कांद्याच्या सहा पेशी लांबीने मावत असतील, तर एक पेशी ०.३ मिमी, म्हणजे ३०० मायक्रोमीटर. आकृतीखाली नुसते '× ४००' लिहिणे चूक, कारण कागदावरची आकृती किती मोठी काढायची हे तुमच्या पेन्सिलीने ठरवले आहे. मापरेषा (खरी लांबी दाखवणारी रेषा) काढावी.

परासरण

परासरण म्हणजे पेशीच्या पटलातून पाण्याची ये-जा; ती पाहायला बटाट्याचे तुकडे वेगवेगळ्या संहतीच्या साखरेच्या द्रावणांत ठेवून वजनातला बदल मोजतात. १ मोलर सुक्रोज म्हणजे ३४२ ग्रॅम साखर १ लिटर पाण्यात, असे नाही. ३४२ ग्रॅम साखर कमी पाण्यात विरघळवून मग एकूण द्रावण १ लिटर करायचे. लिटरभर पाण्यात साखर ओतली तर आकारमान लिटरच्या बरेच पुढे जाते आणि पुढची सगळी विरलने चुकतात. त्या १ मोलर द्रावणापासून ०.४ मोलरचे २० मिली करायला ८ मिली द्रावण आणि १२ मिली पाणी. साखरेऐवजी मीठ वापरले तर लक्षात असू द्या की मिठाचे दोन आयन होतात: ०.१५ मोलर मिठाचे पाणी साधारण ०.३ मोलर साखरेच्या द्रावणाइतके पाणी ओढते.

बटाट्याचे तुकडे एकाच बटाट्याचे, सालीशिवाय. साल पाण्याला अडवते. वजन करण्याआधी प्रत्येक तुकडा टिपकागदावर सारखाच फिरवून घ्या. एक ओला, एक कोरडा, असे झाले तर आलेखाची रेषा नागमोडी होते. बदल टक्क्यांत काढा आणि भागाकार सुरुवातीच्या वजनाने करा: २.५० ग्रॅमचे २.८० झाले तर वाढ १२ टक्के. संहती आणि वजनातला बदल यांचा आलेख शून्याला जिथे छेदतो त्या संहतीला पाणी थांबलेले नसते, आत आणि बाहेर सारख्याच वेगाने जात असते.

रससंकोच (पाणी गेल्याने प्रद्रव्य आकसणे) पाहायला ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी खालची बाजू उत्तम. ते झाड नसेल तर लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा रंगीत पापुद्रा घ्यावा. आतला पापुद्रा इथे कामाचा नाही, त्यात रंग नसल्याने काय आकसले ते दिसत नाही. ५ टक्के मिठाच्या पाण्यात काही मिनिटांतच जांभळा भाग भित्तिकेपासून सुटतो. मधल्या जागेत हवा आहे असे अनेकजण लिहितात. तिथे मिठाचेच पाणी असते, कारण भित्तिका ते आत येऊ देते आणि अडवणारे पटल आतल्या बाजूला सरकलेले असते. पाच-दहा मिनिटांत निरीक्षण संपवून कव्हरस्लिपच्या एका कडेला साध्या पाण्याचा थेंब ठेवा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढा. प्रद्रव्य फुगून भित्तिकेला पुन्हा टेकले तर पेशी जिवंत होती. टेकले नाही आणि जांभळा रंग बाहेर पसरला, तर पापुद्रा मिठाच्या पाण्यात फार वेळ राहिला. दुसरा घ्या आणि मीठ ३ टक्क्यांवर आणा.