विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी हिरड्यांच्या आजारावर उपचार कसे करून घ्यावेत

हिरड्यांतून रक्त आले की माणूस दंतवैद्याकडे जातो. धूम्रपान करणाऱ्याला मात्र हा इशारा अनेकदा मिळतच नाही. धूम्रपानामुळे हिरड्यांतील रक्तपुरवठा मंदावतो, लाली व सूज झाकली जाते, आणि आत हाड झिजत असतानाही हिरडी वरून फिकट, घट्ट दिसते. म्हणून रक्ताची वाट न पाहता प्रथम मोजमाप करून घ्यावे. दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई दात आणि हिरडी यांमधील फटीत हलकेच सरकवून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली पाहतात. ती 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. 4 किंवा त्याहून अधिक असल्यास पुढील तपासणी आणि एक्स-रे आवश्यक ठरतात. हे आकडे लिहून मागून घ्यावेत. मधुमेह असल्यास तो आटोक्यात आणावा.

सफाईसाठी जाण्याआधीच धूम्रपान सोडण्याचा दिवस ठरवावा, कारण ते चालू राहिल्यास तीच सफाई कमी गुण देते. 1800-11-2356 या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळते. सिगारेटऐवजी मशेरी किंवा तंबाखू मुळीच जवळ करू नये.

त्यानंतर दंतवैद्य हिरडीखालचे कीटण खरवडून मुळे स्वच्छ करतात. खोल जागी बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. ‘सफाईने दात हलू लागतात’ हा समज चुकीचा आहे. हाड आधीच झिजलेले असते आणि कीटणाच्या थराने दात जखडलेले असतात, एवढेच. काही दिवस थंड पाणी झोंबते, ते हळूहळू कमी होते.

घरी मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे दात घासावेत आणि दोन दातांमधल्या फटींत बारीक ब्रश फिरवावा. धूम्रपान सुटल्यावर काही आठवडे ब्रशवर रक्त दिसू शकते. अनेक जण इथेच घाबरतात. पण हा बहुधा हिरडीचा रक्तपुरवठा पूर्ववत होत असल्याचा परिणाम असतो. ब्रश थांबवू नये, मात्र रक्त वाढतच गेले तर दाखवून यावे.

साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप करावे. खोल फटी उरल्या असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. पुढे दर तीन महिन्यांनी तपासणीला जाताना आधीच्या आकड्यांचा कागद सोबत न्यावा, म्हणजे त्याच सहा जागांची तुलना करता येते.