वन्यजीव मंडळाची यादी कशी वाचावी

२८ वर्षं मी चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासली. राजपत्राचं गॅली प्रूफ, म्हणजे तपासायची कच्ची छापील प्रत, समोर आलं की शेजारच्या टेबलावरच्यांना जांभया यायच्या आणि मला नावं दिसायची. अमुक समिती, तमुक मंडळ, अनुक्रमांक, नाव, पदनाम. आता निवृत्त होऊन मुलुंडला राहते, आमच्या सोसायटीच्या मागची भिंत संपली की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर सुरू होतो. बिबट्या सीसीटीव्हीत दिसला की खालच्या मजल्यावरची तन्वी आधी मला व्हिडिओ पाठवते. गेल्या पावसाळ्यात तिनं विचारलं, "काकू, आपल्या डोंगराखालून बोगदा न्यायचा की नाही हे ठरवणारे लोक असतात तरी कोण?" त्यावर आम्ही दोघींनी एक वही केली. ती कशी केली ते सांगते, तुम्हालाही करता येईल.

आधी नाव नीट लिहा. महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळ. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात याला 'सल्लागार मंडळ' म्हणत. २००२च्या दुरुस्तीनं 'सल्लागार' हा शब्द गेला आणि आताची रचना आली, पण काम अजूनही सल्ला देण्याचंच आहे. कुठलं जंगल अभयारण्य करावं, अभयारण्यातून रस्ता किंवा वीजवाहिनी नेऊ द्यावी का, यावर हे मंडळ मत देतं आणि रस्ते-वीजवाहिन्यांसारखे प्रस्ताव पुढे दिल्लीला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीकडे जातात. अध्यक्ष मुख्यमंत्री, उपाध्यक्ष वनमंत्री, सदस्य सचिव मुख्य वन्यजीव रक्षक. तेव्हा निव्वळ वनखात्याला शिव्या घालून उपयोग नाही.

कायद्याचं कलम ६ उघडा आणि एका कोऱ्या पानावर खुर्च्या आखा. माणसं नंतर. विधिमंडळाचे ३ सदस्य. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे ३ प्रतिनिधी. नामवंत संवर्धक, परिसंस्थाशास्त्रज्ञ, पर्यावरणतज्ज्ञ मिळून १०, त्यांत अनुसूचित जमातींचे किमान २ प्रतिनिधी हवेतच. मग वन आणि आदिवासी विकास या खात्यांचे सचिव, वनखात्याचे प्रमुख, पर्यटन विकास महामंडळाचे व्यवस्थापकीय संचालक, महानिरीक्षक किंवा त्याहून वरचा पोलीस अधिकारी, ब्रिगेडियर किंवा त्याहून वरचा सैन्यदलाचा अधिकारी, पशुसंवर्धन आणि मत्स्यव्यवसाय खात्यांचे प्रमुख, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा एक, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा एक, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचा एक. सगळे मिळून तीसेक डोकी होतात.

ही यादी पाहिली की माणूस घाबरतो. आम्हीही घाबरलो. मग मी छापखान्यातली युक्ती काढली: ज्या नावापुढे पद आहे त्याला पेन्सिलीनं फिकट खूण करायची. ते पदसिद्ध सदस्य. त्यांची बदली झाली की खुर्चीवर दुसरा येतो, तेव्हा त्या माणसाच्या पूर्वायुष्यात शिरून काही हाती लागत नाही. उरतात आमदार आणि ते १३, म्हणजे ३ संस्थांचे आणि १० जाणकार. हे १३ सरकारनं निवडलेले असतात, आणि निवडीतूनच सरकारचा कल कळतो. वहीत प्रत्येकासाठी एक पान ठेवा. आमची वही १६ पानांची झाली.

यादी मिळवायची कुठून? मंडळाची पुनर्रचना झाली की महसूल व वन विभागाचा शासन निर्णय किंवा अधिसूचना निघते. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग निवडून 'राज्य वन्यजीव मंडळ' असा शोध घ्या. सापडलं नाही तर 'वन्य जीव' असं तोडून टाका, मग 'वन्यजिव' असं ऱ्हस्व. टंकलिखितात काय काय घडतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक! राजपत्राच्या जुन्या अंकांवर इंग्रजी तारखेबरोबर शके असतो, त्यानं गोंधळू नका. कागदावरची प्रत हवी असेल तर चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात विचारा.

नाही मिळालं तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात ऑनलाइन अर्ज होतो, शुल्क १० रुपये. मजकूर असा करा: 'महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळाच्या सध्याच्या सदस्यांची यादी, नियुक्तीचे आदेश आणि मागील तीन बैठकांच्या इतिवृत्तांच्या व उपस्थितिपत्रकांच्या प्रती द्याव्यात.' बस. आपल्याकडच्या नियमात अर्ज साधारणपणे १५० शब्दांपर्यंतचा आणि एकाच विषयाचा हवा. दुसऱ्या एका प्रकरणात मी १७० शब्दांचा अर्ज केला होता, तो एका कार्यालयानं सरळ परत पाठवला. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द मोजणारी बाई स्वतःचे मोजायला विसरली. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याला २० रुपये. समित्या-मंडळांची माहिती आणि त्यांची इतिवृत्तं लोकांना बघायला मिळतात की नाही, हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे खात्यानं आपणहून जाहीर करायचं असतं. अर्जात ते कलम लिहिलं की सूर जरा बदलतो.

आता पार्श्वभूमी. आमदारांचं सोपं आहे. निवडणुकीच्या वेळचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. शिक्षण, मालमत्ता, भागीदाऱ्या, खटले, सगळं त्यात. आम्ही शेतजमिनीचा रकाना आधी पाहतो. जमीन अभयारण्याला लागून असली तर तसं पेन्सिलीनं लिहितो, शेरा मारत नाही.

संस्थेच्या प्रतिनिधीसाठी संस्थेचे कागद बघा. न्यास मुंबईत नोंदलेला असेल तर वरळीचं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, बाहेरचा असेल तर त्या त्या ठिकाणचं. विश्वस्त कोण, हिशेब भरलेत का, पैसा कुठून येतो. वनखात्याचंच काम घेणारी संस्था असली म्हणून माणूस वाईट ठरत नाही. बिबट्यांची गणना करायला कुणीतरी लागतंच. फक्त त्या कामाबद्दलचा विषय बैठकीत आला तेव्हा तो काय बोलला, ते वाचायचं.

जाणकारांच्या बाबतीत तन्वीची आणि माझी भांडणं झाली. तिला पीएचडी लागते. मी तिला हुमायून अब्दुलालींचं उदाहरण दिलं. व्यापार करणारा माणूस, पण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं काम वर्षानुवर्षं वाहिलं आणि मुंबई राज्याच्या १९५१च्या वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा हात होता. उलट पदव्यांची माळ असून १० वर्षांत रानात न गेलेलेही असतात. म्हणून आमच्या पानावर एकच प्रश्न ठळक आहे: यांनी पावसाळे कुठे काढले? मेळघाटात, सह्याद्रीत, ठाणे खाडीच्या चिखलात, की दिवाणखान्यात? कुणाचे पक्ष्यांवरचे निबंध, कुणाची सापांची बचावकामं, कुणाचं गावकऱ्यांबरोबर वणवा विझवणं. कुठल्या प्राण्यावर, कुठल्या जिल्ह्यात, किती वर्षं, एवढं लिहा. वाघाचा मोठा जाणकार फ्लेमिंगोच्या खाडीवर चूक करू शकतो, आणि आपल्या मुंबईचं दुखणं खाडीचंच जास्त. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली झालं आणि बुलेट ट्रेनचा समुद्राखालचा बोगदा त्याच्याच पट्ट्यातून जातो.

जमातींच्या प्रतिनिधींचं पान घाईत भरू नका. गोंड, माडिया, कोरकू, वारली हे एकाच रकान्यात कोंबता येत नाहीत. उद्यानातल्या आणि शेजारच्या आरे वसाहतीतल्या पाड्यांवर वारली आहेत, वाघोबाला पुजणारी माणसं. गडचिरोलीहून आलेल्या सदस्याला या पाड्यांची अडचण माहीत असेलच असं नाही. त्यांचा जिल्हा नक्की लिहा.

आणि नाव तपासा. दोनदा. एका सदस्याच्या पानावर मी भलत्याच माणसाचं चरित्र उतरवलं होतं. नाव-आडनाव सारखं, वडिलांचं नाव वेगळं. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या नावावर खडी क्रशर चढला. तन्वीनं पकडलं. दोन दिवस ती मला 'मुद्रितशोधक काकू' म्हणत होती. तेव्हापासून पूर्ण नाव आणि गाव जुळल्याशिवाय शाईचं पेन उघडत नाही. घरचा पत्ता, फोन, मुलाबाळांची माहिती वहीत घ्यायची नाही. सार्वजनिक कामाचाच हिशेब.

खरा मजकूर इतिवृत्तात असतो. कायद्यानं वर्षातून किमान दोन बैठका व्हायला हव्यात. तारखा लिहा म्हणजे किती झाल्या ते दिसेल. उपस्थिती बघा. मग विषयानुसार वाचा. 'सर्वानुमते शिफारस करण्यात आली' हे वाक्य शिशाच्या ठोकळ्यासारखं उचलून ठेवलेलं असतं, ते सोडून द्या. 'अमुक सदस्यांनी निदर्शनास आणून दिले की' हे जिथे असेल तिथे खूण करा. एका ओळीच्या प्रश्नामुळे पाहणी समिती नेमली गेली, प्राण्यांसाठी भुयारी मार्गाची अट आली, असं दिसलं की ती ओळ त्या सदस्याच्या पानावर उतरवा. आनंदाचे विषयही असतात म्हणा. नीलवंत हे राज्य फुलपाखरू करायचं २०१५ मध्ये याच मंडळात ठरलं, आणि राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं. २०२२च्या दुरुस्तीनंतर राज्य मंडळालाही स्थायी समिती नेमता येते. तशी असेल तर तिची इतिवृत्तं वेगळी मागा.

वही झाली की पत्र कुणाला लिहायचं ते आपोआप कळतं. सदस्य सचिवांना, म्हणजे नागपूरच्या वनभवनात, एक प्रत. आणि ज्याच्या पानावर तुमच्या प्रश्नाशी जुळणारे पावसाळे आहेत अशा एखाद-दोन अशासकीय सदस्यांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर. तीसही जणांना पाठवलेलं पत्र कुणीच वाचत नाही. एका पानात ठिकाण, गट क्रमांक किंवा जवळची खूण, काय पाहिलं, कुठल्या तारखेला, आणि काय हवंय. तन्वीनं आमच्या पत्राला सीसीटीव्हीची ३ चित्रं जोडली, वेळेसकट. बिबट्या, त्याच नाल्यातून, त्याच कोपऱ्यावर.

मंडळ बदललं की जुनं पान फाडू नका. तिरकी रेघ मारा, समासात तारीख टाका आणि नवं पान पुढे जोडा. आमच्या वहीत अजून दोन पानं अर्धी कोरी आहेत. तन्वी म्हणते एक्सेलमध्ये घालूया. घाल म्हटलं, पण तपासायला मला छापूनच दे.