नवं पीएलसी मॉड्यूल सॉफ्टवेअरमध्ये बनवण्याआधीची तयारी

इलेक्ट्रिकल ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरचं) हवं ते मॉड्यूल लायब्ररीत दिसलं नाही की हात आपोआप नवं मॉड्यूल बनवायच्या एडिटरकडे जातो. तो जरा आवरा. आधी ते खरंच नाही ना, हे बघा. कॅटलॉग नंबरातलं शेवटचं एखादं अक्षर बऱ्याचदा फक्त सिरीज किंवा कोटिंग सांगणारं असतं. ते गाळून शोधलं तर मॉड्यूल तिथेच बसलेलं सापडतं. उत्पादकाकडे ईप्लॅन किंवा ऑटोकॅड इलेक्ट्रिकल या ड्रॉइंग सॉफ्टवेअरसाठीचा तयार डेटा असेल तर तोही घ्या, पण त्यातले टर्मिनल नंबर एकदा तपासल्याशिवाय वापरू नका.

बनवायचंच ठरलं, तर पहिला तास सॉफ्टवेअर बंद ठेवून कागदावर घालवा. जाहिरातीचं माहितीपत्रक इथे कामाचं नाही. इन्स्टॉलेशन मॅन्युअलमधली वायरिंग डायग्रामची आणि टर्मिनल ब्लॉकच्या चित्राची पानं हवीत. त्यांवरून एक तक्ता करा: मॉड्यूलवर वरून खाली ज्या क्रमाने टर्मिनल येतात त्याच क्रमाने एकेक ओळ. प्रत्येक ओळीत छापलेला नंबर जसाच्या तसा, ते टर्मिनल कशाचं आहे, त्याला अ‍ॅड्रेस (प्रोग्रॅम त्याला ज्या नंबराने ओळखतो तो) आहे की नाही, आणि वायर डावीकडून येते की उजवीकडून. शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ओळींच्या ड्रॉइंगमध्ये इनपुटची वायर सहसा डावीकडून येते, आउटपुटची उजवीकडे जाते. रिकामी टर्मिनलंही लिहा, नाहीतर खालचे सगळे नंबर एकेक घर वर सरकतील.

सोळा पॉइंटचं (म्हणजे सोळा इनपुट किंवा आउटपुटचं) मॉड्यूल म्हणजे सोळा टर्मिनल नव्हेत. आठ-आठच्या दोन गटांना वेगवेगळे कॉमन (गटातल्या सगळ्या पॉइंटचं सामाईक टर्मिनल) असतील तर तिथेच 18 झाली. दोन रिकामी धरली की 20. ऑटोकॅड इलेक्ट्रिकलचा पीएलसी डेटाबेस एडिटर एकूण टर्मिनल आणि अ‍ॅड्रेस असलेले पॉइंट असे दोन आकडे वेगळे मागतो, तो याचसाठी. मी एकदा घाईत दोन्ही कॉमन एकच समजून मॉड्यूल बनवलं होतं. वायरमनने ड्रॉइंगबरहुकूम चोख वायरिंग केलं, आणि पॅनेल चालू केल्यावर खालच्या आठही इनपुटचे दिवे लागेनात. दोष सापडायला अर्धा दिवस गेला, कारण प्रत्येकजण वायरिंगच तपासत होता आणि वायरिंग तर ड्रॉइंगप्रमाणे बरोबर होतं.

कॉमनच्या ओळीत नुसतं सिंकिंग (करंट आत घेणारं) किंवा सोर्सिंग (करंट बाहेर देणारं) लिहून थांबू नका. हे शब्द इनपुटबद्दल आहेत की सेन्सरबद्दल, यावर हमखास गोंधळ होतो. कॉमन 0 व्होल्टला जातो की +24 व्होल्टला, ते सरळ लिहा. पीएनपी सेन्सर प्लस देतो, म्हणजे त्याच्या इनपुटचा कॉमन 0 व्होल्टला. एनपीएनचं याच्या उलट.

अ‍ॅनालॉग (चालू-बंदऐवजी कमी-जास्त होणारा सिग्नल वाचणाऱ्या किंवा देणाऱ्या) मॉड्यूलला जास्त वेळ राखून ठेवा. एका चॅनेलला प्लस, मायनस आणि शील्ड अशी तीन टर्मिनलं असू शकतात, पण अ‍ॅड्रेस एकच. तो कोणत्या टर्मिनलवर दिसेल हे आधी ठरवा. एरवी तिन्हींवर अ‍ॅड्रेस टाकला जातो आणि मोजणी तिप्पट होते. 4 ते 20 मिलिअँपिअरच्या सिग्नलसाठी दोन वायरचा आणि चार वायरचा ट्रान्समीटर (मोजलेलं माप सिग्नलने पाठवणारं उपकरण) वेगळा जोडला जातो, तेव्हा मॅन्युअलमधल्या दोन्ही आकृत्या बघा.

अ‍ॅड्रेस कसे मोजायचे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला विचारा, अंदाज नको. अ‍ॅलन-ब्रॅडलीच्या पीएलसी-5 मध्ये मोजणी ऑक्टल आहे, म्हणजे 7 नंतर 10. त्यांच्याच एसएलसी 500 मध्ये ती दशमान. सीमेन्समध्ये 0.7 नंतर 1.0 येतो. पद्धत मॉड्यूलमध्येच पक्की करता येते किंवा दरवेळी विचारायला सांगता येते. मी पक्की करतो. रात्री आठ वाजता ड्रॉइंग संपवणारा माणूस विचारलेल्या प्रश्नाला काहीही उत्तर देतो.

मॉड्यूल एका शीटवर मावेल का, तेही आत्ताच बघा. 32 पॉइंटचं सहसा तोडावं लागतं. तोडायचं तर गटाच्या सीमेवर. कॉमन एका शीटवर आणि त्याचे पॉइंट दुसऱ्यावर असं होऊ देऊ नका.

बाकीचं पटकन होतं. उत्पादकाचं आणि सिरीजचं नाव लायब्ररीत आधी आहे त्याच स्पेलिंगने घाला. कॅटलॉग नंबर पार्ट्सच्या यादीतल्या नंबराशी अक्षरशः जुळला पाहिजे, नाहीतर सामानाच्या यादीत ओळ रिकामी येईल. लांबी, रुंदी, खोली लिहून ठेवा. एडिटर उघडण्याआधी डेटाबेस फाइलची प्रत तारखेसह बाजूला काढा. ऑटोकॅड इलेक्ट्रिकलची नवी आवृत्ती टाकली की स्वतःची नवी फाइल घेऊन येते आणि आपण बनवलेली मॉड्यूलं जुन्या फाइलमध्येच राहतात, म्हणून ही प्रत सर्व्हरवर असलेली बरी.

बनवून झालं की कोऱ्या ड्रॉइंगवर ते दोनदा टाका, एकदा सलग आणि एकदा तोडून. वायर जोडा, रिपोर्ट काढा, आणि तो कागदावरच्या तक्त्याशी दुसऱ्या कुणाला तरी वाचून ताडायला सांगा. तुम्हीच वाचलंत तर आधी केलेली चूक पुन्हा बरोबरच दिसेल. तक्ता स्कॅन करून मॅन्युअलच्या आवृत्ती क्रमांकासह मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये ठेवा; याच सिरीजचं पुढचं मॉड्यूल बनवताना त्यातल्या निम्म्या ओळी तशाच उचलता येतात.